तारांगणातला पाऊण तास

तारांगणात शाळेच्या मुलांसाठी होणारा कार्यक्रम साधारण पाऊण तासाचा असतो. तेवढ्या वेळात जे दाखवता येते, ते वर्गात फळ्यावर दाखवणे कठीण आणि गच्चीवरून दाखवणे त्याहून कठीण. भूगोलाच्या पुस्तकातले सूर्यमालेचे चित्र बाहेरून पाहिलेले असते: मध्ये सूर्य, भोवती ग्रहांच्या कक्षा, त्यांतल्या एकीवर पृथ्वी. मुलांना आकाश दिसते ते मात्र पृथ्वीवरून, आतल्या बाजूने. तेही इतक्या सावकाश फिरते की त्याची गती डोळ्यांना कळत नाही. पुस्तकातले चित्र आणि डोक्यावरचे आकाश एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे पटवणे खगोलशिक्षणातले सर्वांत अवघड काम आहे. तारांगण त्यासाठी दोन गोष्टी करते. वेळ आखडून घेते आणि बसल्या जागेवरून प्रेक्षकाला दुसऱ्या ठिकाणी नेते.

या यंत्राची कल्पना जर्मनीत आकाराला आली. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना लोकांना आत बसवून आकाश दाखवता येईल असे साधन हवे होते. येना येथील झाइस कंपनीकडे ते काम गेले. तिथले अभियंते वॉल्थर बावर्सफेल्ड यांनी 1919 मध्ये वेगळाच मार्ग सुचवला. घुमट फिरवायचा नाही. घुमट स्थिर ठेवायचा आणि मध्ये बसवलेल्या यंत्रातून त्यावर ताऱ्यांचे प्रकाशबिंदू टाकायचे. 1923 मध्ये असे पहिले यंत्र तयार झाले आणि 1925 पासून म्युनिकमध्ये त्याचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. सुमारे 4,500 तारे दाखवणाऱ्या या यंत्राला एक मर्यादा होती: त्यात फक्त म्युनिकच्या अक्षांशावरचे आकाश दिसे. पुढच्या यंत्रांना दोन टोकांना दोन गोल बसवले गेले, एक उत्तर आकाशासाठी, दुसरा दक्षिण आकाशासाठी. डमरूच्या आकाराचे ते यंत्र पुढे तारांगणाची ओळखच बनले.

ही यंत्रे महाग होती. अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी 1940च्या दशकात भिंगांऐवजी सूक्ष्म छिद्रांतून तारे दाखवणारे स्वस्त यंत्र बनवले. त्यामुळे तारांगण शाळांच्या आवाक्यात आले. 1957 मध्ये स्पुटनिक अवकाशात गेल्यावर अमेरिकेतल्या शाळांमध्ये अशा छोट्या तारांगणांची संख्या झपाट्याने वाढली. महाराष्ट्रातही सुरुवात शाळेतूनच झाली. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण उभे राहिले. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण 1977 मध्ये सुरू झाले. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण तारांगण यांच्यामुळे विदर्भातल्या आणि उत्तर महाराष्ट्रातल्या शाळांनाही जवळची सोय झाली.

तारांगणाचा घुमट वरून गुळगुळीत, अखंड वाटतो. जवळून पाहिले तर बहुतेक ठिकाणी तो ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा असतो आणि पत्र्यांना सर्वत्र बारीक भोके असतात. ध्वनिवर्धक या पत्र्यांच्या मागे बसवलेले असतात. आवाज भोकांतून आत येतो आणि घुमटाखाली घुमत नाही. पत्रा झगझगीत पांढरा रंगवला, तर एका बाजूचा प्रकाश दुसऱ्या बाजूवर पडून आकाश फिके दिसते; म्हणून अनेक ठिकाणी त्याला फिकट करडा रंग देतात. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपकात मध्यभागी प्रखर दिवा असतो. त्याच्याभोवती धातूच्या अतिशय पातळ पत्र्या असतात आणि प्रत्येक पत्रीवर आकाशाच्या एका तुकड्यातले तारे छिद्रांच्या रूपाने कोरलेले असतात. तारा जितका तेजस्वी, तितके छिद्र मोठे. व्याधासारख्या ठळक ताऱ्यांसाठी काही यंत्रांत स्वतंत्र प्रक्षेपक असतात. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची यंत्रणाही वेगळी असते, कारण ते ताऱ्यांच्या मागच्या पटावर सतत जागा बदलतात.

शाळेचा कार्यक्रम सहसा सूर्यास्तापासून सुरू होतो. सुरुवातीला घुमटाच्या कडेला शहराची क्षितिजरेषा आणि चार दिशांची नावे दिसतात. मग सूर्य पश्चिमेला उतरतो आणि दिवे हळूहळू मंद होतात. हा संधिप्रकाश मुद्दाम लांबवलेला असतो. डोळ्याची बाहुली अंधारात काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटलाला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मध्येच दार उघडले, तर सगळ्या मुलांचे डोळे पुन्हा दिपतात. म्हणून उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. वर्गशिक्षक रांगेच्या टोकाला बसतात. दिवे जाताच लहान वर्गांतून हमखास ओरडा होतो. निवेदक तो ओसरू देतो आणि मगच बोलायला लागतो.

पहिला धडा ध्रुवताऱ्याचा. शालेय सहली बहुतेक दिवाळीनंतर निघतात आणि त्या दिवसांत संध्याकाळच्या आकाशात सप्तर्षी नसतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सप्तर्षी मावळतात. त्यामुळे ध्रुव शोधायला शर्मिष्ठेचा आधार घ्यावा लागतो. उत्तरेला बऱ्याच उंचीवर असलेले तिचे पाच तारे दाखवून निवेदक तिथून खाली ध्रुवापर्यंत येतो. मग काही मुलांना ध्रुवावर आणि काहींना पूर्वेच्या एखाद्या ठळक ताऱ्यावर बोट रोखून धरायला सांगतात आणि आकाश फिरवतात. एका रात्रीची गती एका मिनिटात घडते. पूर्वेच्या ताऱ्यावर रोखलेला हात वर चढत डोक्यावर येतो आणि पश्चिमेकडे कलतो. ध्रुवावर रोखलेला हात जागचा हलत नाही. पृथ्वीचा आस ध्रुवाच्या दिशेला आहे हे वाक्य वर्गात पाठ झालेले असते. त्याचा अर्थ इथे समजतो.

पुढचा भाग प्रवासाचा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते: मुंबईत सुमारे 19 अंश, नागपुरात 21, श्रीनगरला 34, कन्याकुमारीला 8. निवेदक घुमटावरचे आकाश श्रीनगरहून कन्याकुमारीकडे नेतो, तसा उत्तरेला ध्रुव खाली येतो आणि दक्षिणेला अगस्ती वर चढतो. श्रीनगरला जेमतेम क्षितिजावर येणारा अगस्ती कन्याकुमारीला चांगला 29 अंश वर दिसतो. विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकतो. उत्तर ध्रुवावर तो थेट डोक्यावर असतो आणि एकही तारा उगवत किंवा मावळत नाही. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा एकाच बैठकीत डोळ्यांपुढे येतो.

वरच्या वर्गांसाठी वार्षिक गती दाखवतात. ताऱ्यांच्या पटावरून सूर्य पुढे सरकतो, दिवस लहान-मोठे होतात, सूर्योदयाची जागा उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे हलते. ऋतूंविषयीचा एक पक्का गैरसमज इथे दूर करता येतो. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो असे अनेक मुलांना वाटते. वस्तुतः पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैमध्ये हे अंतर 15.2 कोटी होते. ऋतू होतात ते आस कललेला असल्यामुळे, आणि माध्यान्हीचा सूर्य डिसेंबरात किती खाली आणि मेमध्ये किती वर असतो हे एकापाठोपाठ पाहिल्यावर ते पटते. मंगळाचे वक्री जाणेही असेच. सुमारे 26 महिन्यांनी एकदा तो दोन-अडीच महिने उलटा सरकल्यासारखा दिसतो. तारांगणात ते काही सेकंदांत घडते आणि लगेच सूर्यमाला बाहेरून दाखवून, पृथ्वी त्याला मागे टाकत असल्याने हा भास होतो, हे समजावता येते.

असा बाहेर-आत प्रवास डिजिटल प्रक्षेपकांमुळे सोपा झाला. मुंबईच्या नेहरू तारांगणात 2003 मध्ये डिजिटल यंत्रणा आली. अशा यंत्रणेत संगणकाचे चित्र संपूर्ण घुमटावर पडते आणि शनीच्या कड्यांपर्यंत किंवा आकाशगंगेच्या बाहेरही जाता येते. जुन्या यंत्रातले टोकदार, बारीक तारे हे त्या यंत्राचे बलस्थान होते. म्हणून काही मोठ्या तारांगणांत दोन्ही यंत्रे एकत्र वापरतात. डिजिटल पद्धतीत तयार चित्रपट लावून देण्याचा मोह असतो. शाळेसाठी मात्र प्रत्यक्ष बोलणारा निवेदक अधिक उपयोगी, कारण तो प्रश्न विचारू शकतो, आकाश थांबवू शकतो आणि चौथीच्या मुलांसाठी ग्रहांची वक्रगती गाळून चंद्राच्या कलांवर अधिक वेळ देऊ शकतो. भाषेचेही तसेच. मुंबईत मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे वेगवेगळे खेळ असतात. शाळेने नोंदणी करतानाच आपल्या माध्यमाचा खेळ मागावा.

शहरापासून दूरच्या शाळांसाठी हवेने फुगवायचा फिरता घुमट हा पर्याय आहे. कापडी घुमट पंख्याने फुगतो, शाळेच्या सभागृहात मावतो आणि मुले आत सतरंजीवर बसतात. एका वेळी एक तुकडी एवढीच त्याची क्षमता असली, तरी ध्रुव, दैनिक गती आणि अक्षांश हे तिन्ही धडे त्यात नीट होतात.

सहलीचा लाभ शिक्षकाच्या तयारीवर ठरतो. जाण्यापूर्वी वर्गात दिशा, अक्षांश आणि आस या तीन संकल्पनांची उजळणी झालेली असावी. परतल्यावर मुलांनी त्याच आठवड्यात घराजवळून पूर्वेला कृत्तिका, रोहिणी किंवा मृग शोधावेत आणि एखादा तारा ओळखीच्या झाडाच्या किंवा इमारतीच्या टोकावर किती वाजता येतो ते वहीत लिहावे. रोज तारा सुमारे चार मिनिटे लवकर त्या जागी येतो. महिन्याभराने तीच नोंद पुन्हा केली, तर वेळ जवळजवळ दोन तास अलीकडे आलेली दिसते आणि पृथ्वीची सूर्याभोवतीची गती मुलांना स्वतःच्या वहीतून मोजता येते.