भाव दिला, तोंड शिवले
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावाबद्दल बोलायचे सोडून मी तुम्हाला जर्मनीतल्या शेतकऱ्यांची हकिकत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, शंभर वर्षे होत आलेल्या परदेशातल्या गोष्टीशी आम्हा ज्वारी-कापूसवाल्यांचा काय संबंध? संबंध आहे. हकिकत ऐका आणि मग तुम्हीच सांगा.

हिटलर म्हटले की डोळ्यांपुढे त्याची मिशी येते, वर केलेला हात येतो, रणगाडे येतात. पण हा माणूस आभाळातून पडला नाही. त्याला मते पडली होती. कुणाची? बर्लिन, कलोन, हँबुर्ग या मोठ्या शहरांत त्याला देशाच्या सरासरीपेक्षा कमी मते मिळाली. भरभरून मते दिली ती खेड्यांनी, त्यातही उत्तरेच्या आणि पूर्वेच्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनी. हे शेतकरी काही राक्षस नव्हते. तुमच्या-माझ्यासारखी कष्टाची माणसे होती. मग त्यांनी असे का केले?

जप्तीचे बैल

१९२३ साली जर्मनीत चलन कोसळले. भाकरीसाठी पाटीभर नोटा मोजाव्या लागल्या. जुनी कर्जे त्या कागदांत फिटली, पण हातातली शिल्लकही गेली. पुढच्या हंगामाला बियाणे, खत, जनावरे घ्यायची तर नवे कर्ज काढावे लागले, आणि व्याज जबर. त्यात १९२७ पासून डुकरांचे भाव पडले. बाहेरून स्वस्त मांस आणि धान्य येत होते, आणि कर मात्र होते तिथेच होते. उत्पादन वाढवा म्हणून सरकार सांगे, आणि वाढवलेले उत्पादन बाजारात गेले की भाव पडे. ही गंमत तुम्हाला समजावून सांगायला नको.

जर्मनीच्या अगदी उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेला लागून, श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचा प्रांत आहे. गुरे-डुकरे पाळणाऱ्यांचा मुलूख. २८ जानेवारी १९२८ रोजी या एका प्रांतात सुमारे १ लाख ४० हजार शेतकरी गावागावांतून तालुक्याच्या शहरांत मोर्चाने आले. मागण्या साध्या होत्या. कर्जाला मुदत द्या, कर कमी करा, आयात आवरा. सरकारने ऐकून घेतले आणि फाइल बंद केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बायडनफ्लेथ गावात दोन शेतकऱ्यांकडे कर थकला म्हणून त्यांचे बैल जप्त करायला माणसे आली. गावकऱ्यांनी रस्त्यात पेंढा पेटवला. जाळ पाहून बैल बिथरले आणि उलटे फिरून थेट आपल्या गोठ्यात गेले. गाव हसले, सरकारने खटले भरले. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२९ रोजी, नॉयम्युन्स्टर शहरात काळा झेंडा घेऊन शेतकरी आले. झेंड्यावर पांढरा नांगर आणि लाल तलवार होती. पोलिसांनी तलवारी उपसून झेंडा हिसकावला. शेतकऱ्यांनी त्या शहरावर बहिष्कार टाकला. कित्येक महिने तिथल्या बाजाराची पायरी चढले नाहीत.

इथपर्यंतच्या हकिकतीत त्या शेतकऱ्यांचे काय चुकले? माझ्या मते काहीच नाही. राग खरा होता आणि त्याचे कारणही खरे होते. पण शहाणी सरकारे, शहाणे पक्ष आणि शहाणी वर्तमानपत्रे यांना त्याची किंमत नव्हती. आणि ज्या रागाला कुणी वाली नसतो, त्याच्यावर डल्ला मारायला कुणीतरी टपलेलाच असतो.

राग एकाचा, लगाम दुसऱ्याच्या हाती

१९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला या प्रांतात शंभरात ४ मते होती. देशभरात तर तीनही नव्हती. शेतकऱ्यांशी या पक्षाचे काही देणेघेणे नव्हते. उलट त्याच्या १९२० च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक कामासाठी जमीन मोबदल्याशिवाय ताब्यात घेण्याचे कलम होते. शेतकरी बिचकतो हे दिसल्यावर एप्रिल १९२८ मध्ये हिटलरने खुलासा केला, की हे कलम तुमच्यासाठी नाही, ते जमिनीचा सट्टा करणाऱ्या यहुद्यांसाठी आहे. शब्द तेच राहिले, सुरी फक्त दुसऱ्याच्या गळ्याकडे वळवली. शेतकऱ्याला हायसे वाटले.

मग वाल्टर दारे नावाच्या माणसाने खेडोपाडी पक्षाची माणसे पेरली. ती शेतकऱ्यांच्या जुन्या संघात शिरली, पदे धरू लागली. सभेत ती काय सांगत? भाव का पडतात, आयातीचे धोरण कसे ठरते, व्याजाचा दर कोण ठरवतो, हा हिशेब कुणी मांडला नाही. हिशेब मांडायला वेळ लागतो, ऐकायला धीर लागतो. त्याऐवजी त्यांनी बोट दाखवले. तुझी डुबलेली शेती, तुझे कर्ज, तुझा लिलाव, सगळ्याला यहुदी जबाबदार. गावातला गुरांचा यहुदी व्यापारी रोज डोळ्यांसमोर असे. आयातीचे धोरण ठरवणारा कचेरीतला माणूस कधी दिसत नसे. जो दिसतो त्याच्यावर राग काढणे सोपे असते.

१९२९ ची जागतिक मंदी आली. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाचे भाव ज्या मंदीने मातीत घातले, तीच ही मंदी. जर्मनीत लिलाव वाढले. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये १९३० साली नाझींना शंभरात २७ मते पडली आणि जुलै १९३२ मध्ये ५१. चार वर्षांत ४ वरून ५१.

पहिल्या वर्षी काय झाले?

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २८ फेब्रुवारीला भाषण, वर्तमानपत्र आणि सभेचे स्वातंत्र्य स्थगित झाले. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार सरकारच्या हवाली केला. विरोधात मत दिले ते फक्त सोशल डेमोक्रॅटांनी. कम्युनिस्ट खासदारांना तर सभागृहात येऊच दिले नव्हते. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली. १४ जुलैला एक सोडून सगळे पक्ष बेकायदा ठरले. साडेपाच महिन्यांत सगळा कारभार आटोपला.

आता शेतकऱ्याचे पाहू. खोटे कशाला बोला, सुरुवातीला त्याला फायदा झाला. लिलाव थांबले, भाव वाढले. १३ सप्टेंबर १९३३ च्या कायद्याने सगळ्या शेतकऱ्यांची, धान्य व्यापाऱ्यांची आणि प्रक्रिया करणाऱ्यांची मिळून एकच सरकारी संस्था उभी राहिली. सक्तीचे सभासदत्व, सक्तीची वर्गणी. जुन्या शेतकरी संघटना तिच्यात जिरवल्या. पुढारी निवडायचा नाही, वरून नेमलेला येणार. भावही वरूनच ठरणार.

त्याच महिन्यात वारसा शेतीचा कायदा आला. साडेसात ते सव्वाशे हेक्टर, म्हणजे साधारण साडेअठरा ते तीनशे दहा एकरांची शेती 'वारसा शेती' ठरली. अशी जवळपास सात लाख शेते झाली. ती विकायची नाहीत, गहाण टाकायची नाहीत. वारस एकच. आधी मुलगे, मग बाप, मग भाऊ, आणि त्यानंतर मुलगी! मायबहिणींनो, नीट ऐका. बापाच्या शेतीवर पोटच्या मुलीच्या आधी चुलत्याचा हक्क. कायद्याने 'शेतकरी' ही पदवी फक्त अशा शेतीच्या मालकाला. त्यासाठी १८०० सालापर्यंतच्या पूर्वजांत यहुदी कुणी नाही, हे दाखवावे लागे. वरवर केवढा सन्मान! जमीन कुणी काढून घेणार नाही. पण जी विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, ती जमीन मालकीची कसली? बँकेने कर्ज देताना हात आखडले. शेतकरी आपल्याच रानात सरकारचा राखणदार झाला.

१९३४ मध्ये सरकारने 'उत्पादनाची लढाई' पुकारली. किती पिकवायचे, कुठे घालायचे, कोणत्या दराने, सगळे ठरवून. आपल्या जुन्या माणसांना ज्वारीची लेव्ही आठवत असेल. तिच्यापेक्षा कित्येक पट कडक कारभार समजा. १९३७ साली तर भाकरीचे धान्य, राई आणि गहू, आपल्याच जनावरांना घालायलाही बंदी झाली. तोवर शस्त्रांच्या कारखान्यांत मजुरी वाढली होती आणि शेतावरची पोरे, गडी तिकडे पळत होते. शेतमालाचे भाव मात्र बांधलेले. आता तक्रार कुणाकडे करायची? संघटना नाही, वर्तमानपत्र नाही, दुसरा पक्ष नाही, मोर्चा नाही. १९२८ मध्ये ज्यांनी बैल सोडवले, त्यांना १९३७ मध्ये तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. बव्हेरियासारख्या भागात पुष्कळ शेतकरी नाझी सत्ता आल्यावरही काही वर्षे यहुदी व्यापाऱ्याकडेच गुरे विकत होते. का? तो बरा भाव देई आणि उधारी सांभाळी. गुप्त पोलिसांच्या अहवालांत याच्या तक्रारी आहेत. म्हणजे सभेत टाळ्या वाजवणाऱ्यालाही व्यवहारात खरे काय ते कळत होते. पण उघड बोलायची वेळ निघून गेली होती. त्या व्यापाऱ्यांचे परवाने गेले, घरे गेली, आणि पुढे युरोपभर ६० लाख यहुदी मारले गेले.

सुगीचा सण आणि तोफा

हामेल्न शहराजवळ ब्युकबेर्ग नावाची टेकडी आहे. १९३३ पासून तिथे दरवर्षी सुगीचा राष्ट्रीय सण होई. लाखो शेतकरी पारंपरिक पोशाखात रेल्वेने आणले जात. हिटलर गर्दीतून चालत टेकडी चढे. पुढे पुढे या सुगीच्या सणात लष्कराची लुटुपुटूची लढाई दाखवू लागले. १९३८ चा सण ऐनवेळी रद्द झाला. झेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवर सैन्य न्यायला रेल्वेगाड्या हव्या होत्या. पाच वर्षांत शेतकऱ्याची गाडी शिपायाची झाली.

हुकूमशाहीतून युद्ध का निघते, तेही समजून घ्या. जर्मनीला लागणाऱ्या तेल-चरबीपैकी जवळपास निम्मी बाहेरून येई. शस्त्रांसाठी लोखंडाचे खनिजही बाहेरून येई. परकीय चलन तुटपुंजे. मग पेंड आणायची की खनिज? सरळ वागणारा देश म्हणाला असता, शस्त्रे कमी करू, माल विकू, अन्न विकत घेऊ. हिटलरने ऑगस्ट १९३६ च्या गुप्त टिपणात लिहिले, की चार वर्षांत सैन्य आणि अर्थव्यवस्था युद्धाला तयार पाहिजे, आणि अन्नाचा शेवटचा तोडगा म्हणजे जास्त भूमी. म्हणजे दुसऱ्याचे रान. त्याला अडवणारे देशात कुणी उरलेच नव्हते. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया, मार्च १९३९ मध्ये प्राग, १ सप्टेंबर १९३९ ला पोलंड.

२२ जून १९४१ ला सोव्हिएत रशियावर स्वारी झाली. त्यासाठी अन्नखात्यातल्या हेर्बेर्ट बाकेने आधीच योजना आखली होती. युक्रेनचे धान्य जर्मनीला आणायचे आणि तिथली कोट्यवधी माणसे उपाशी मरू द्यायची. शेतकऱ्याच्या नावाने आलेल्या राजवटीने दुसऱ्या शेतकऱ्याचे धान्य लुटून त्याला भुकेने मारायचा हिशेब कागदावर मांडला. लेनिनग्राडच्या वेढ्यात आठ लाखांवर नागरिक मेले. पकडलेल्या रशियन शिपायांपैकी तीसेक लाख मेले, बरेचसे उपासमारीने.

आणि जर्मन शेतकरी? त्याची पोरे आघाडीवर. सुमारे ५० लाख जर्मन सैनिक परत आले नाहीत. त्याच्या शेतात धरून आणलेले पोलिश मजूर. परवानगीशिवाय डुक्कर कापले तर तुरुंग, आणि मोठ्या प्रकरणात फाशी. १९४५ नंतर पूर्व प्रशिया, पोमेरेनिया, सायलेशिया या भागांतून आणि आजूबाजूच्या देशांतून सव्वा कोटीच्या आसपास जर्मनांना घरदार सोडून निघावे लागले. कायद्याने विकता न येणारी वारसा शेती एका गाठोड्यापुरती उरली.

ही आग आपल्याही गावांपर्यंत आली. इटलीत मुसोलिनीने १९२२ मध्येच सत्ता घेतली होती. त्या इटलीच्या भूमीवर मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव जखमी अवस्थेत लढले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शेतकऱ्यांची पोरे, आणि मरायला गेली कुठे!

सीमेपलीकडचा शेतकरी

कुणी म्हणेल, मंदीच अशी होती, दुसरे काय होणार? त्याला डेन्मार्क दाखवा. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या बांधाला लागून असलेला देश. तीच माती, तीच डुकरे, तीच मंदी. तिथेही हजारो शेते लिलावात गेली. ज्या ३० जानेवारी १९३३ ला हिटलर गादीवर आला, त्याच दिवशी कोपनहेगनमध्ये पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या राहत्या घरी शेतकऱ्यांच्या व्हेन्स्त्र पक्षाने आणि कामगारांच्या पक्षाने रात्रभर घासाघीस करून करार केला. चलनाचे मूल्य उतरवून निर्यात करणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, शेतीला मदत मिळाली. कामगारांची मजुरी कापायची नाही असे ठरले, बेकारांना काम मिळाले.

सगळे प्रश्न सुटले का? नाही. जुलै १९३५ मध्ये ४० हजारांच्या आसपास डॅनिश शेतकरी पुन्हा राजधानीत राजाच्या वाड्यावर मोर्चाने गेले. राजाकडे गाऱ्हाणे मांडून घरी परतले. पुढच्या वर्षी पुन्हा भांडायला मोकळे. १९३९ मध्ये तिथल्या नाझींना शंभरात दोनही मते पडली नाहीत. पुढे १९४० मध्ये जर्मन सैन्याने तो देश बळकावला हे खरे, पण डॅनिश शेतकऱ्याने आपल्या हाताने आपले तोंड शिवून घेतले नव्हते.

भावांनो, बहिणींनो, दोन्हीकडे भाव पडले होते, दोन्हीकडे राग होता. फरक एवढाच, की एकाने भाव मागितला आणि मागण्याचा हक्क राखला. दुसऱ्याने भाव घेतला आणि मागण्याचा हक्क देऊन टाकला. सरकारने दिलेला भाव पुढच्या हंगामात सरकार काढून घेऊ शकते. तेव्हा तो परत मागायला संघटना लागते, सभा लागते, विरोधात छापणारा कागद लागतो.

म्हणून उद्या कुणी आपल्या मेळाव्यात येऊन भावाचे वचन देईल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा. भाव कसा देणार, हिशेब मांडून दाखव. आमचा शत्रू म्हणून कुणाकडे बोट दाखवतोस, आणि त्याने आमचा भाव नेमका कसा पाडला? तू सत्तेवर आल्यावर आमची संघटना राहणार का, तिचा अध्यक्ष आम्ही निवडणार का, आणि तू चुकलास तर तुझ्या दारात मोर्चा आणू देणार का?

उत्तर देताना जो चिडेल, त्याला उभे करू नका. आपले बैल आपणच सोडवू.