तयारी झाली नाही म्हणून सीईटी सोडू नका
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)

मोहोळ, अक्कलकोटकडनं एसटीनं आलात, परतीच्या गाडीआधी संपवते.

आज हप्त्यांचं नाही, बारावी सायन्सच्या आपल्या मुलींचं बोलायचंय. गटागटांत एकच ऐकू येतं, "क्लास लावला नाही, अभ्यास झाला नाही, मग सीईटीला बसवून काय उपयोग?" फॉर्म भरलेला, फी गेलेली, आणि परीक्षेदिवशी पोरगी घरीच!

असं करू नका. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीचे ठरलेले टक्के लागतात आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण लागतात. म्हणजे बसली तर यादीत नाव येऊ शकतं. बसलीच नाही तर सीईटीच्या यादीत नावच नाही.

आणि यादीत असण्याला आता पैशाची किंमत आहे. २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. होस्टेल, मेस, एसटीचा पास यात येत नाही, तो खर्च आधीच धरा.

आता दुसरी बाजू. एक मावशी म्हणाल्या, "मग नुसते गोळे काळे करून आली तरी चालेल की!" मावशी, एक तर आता गोळे नाहीत, परीक्षा कॉम्प्युटरवर असते. आणि चार पर्यायांत डोळे झाकून निवडलं तर सरासरी चारातलं एक बरोबर येतं. पण निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे शंभरातले किती तुमच्या मागे राहिले ते. अंदाजपंचे उत्तरं देऊन नाव यादीत येईल, घराजवळचं चांगलं कॉलेज मिळणं अवघड.

म्हणून उरलेल्या दिवसांत एवढं करू द्या. प्रत्येक विषयाच्या ५० प्रश्नांत ४० बारावीचे, १० अकरावीचे. तेव्हा बोर्डाचं बारावीचं पुस्तक आधी. गणिताच्या प्रश्नाला २ गुण, बाकीच्यांना १. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणून अडलेल्यावर रेंगाळायचं नाही. माऊस कधी धरला नसेल तर दोन दिवस गावातल्या कॉम्प्युटर क्लासला बसवा. आणि हो, त्या दिवसांत धुणंभांडी तिच्या भावाला सांगा, त्यालाही हात आहेत.

नीटचं मात्र वेगळं. तिथं बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. तिथं अंदाजानं उत्तरं द्यायला सांगू नका.

बीसीए, बीबीएलाही २०२४ पासून सीईटी आली. त्या वर्षी कितीतरी मुलांना पत्ताच नव्हता, शेवटी जादा परीक्षा घ्यावी लागली. दरवर्षी तशी घेतील या भरवशावर राहू नका.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, यातलं जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका. गाडीभाड्याला पैसे कमी पडले तर पुढच्या बैठकीत गटाच्या अंतर्गत कर्जाचा विषय घ्या, ठराव लिहायला मी येते.