सफाईचे काम : दर पाडून की संघटना बांधून?

सफाई कामगारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो काम मिळविण्याचा. निविदा भरावी, तर अनामत रक्कम, मागील उलाढाल आणि अनुभवाचे दाखले मागितले जातात. झाडू मारणाऱ्यापाशी अनुभव असतो. दाखला मात्र ठेकेदारापाशी असतो.

मग दर पाडून काम मिळवावे काय? सफाईच्या खर्चात मोठा वाटा मजुरीचा असतो. पाडलेला दर अखेर मजुरीतूनच वसूल होतो. जेथे मजूर हाच मालक, तेथे हे स्वतःचेच शोषण ठरते.

पुण्याच्या कचरावेचकांनी निराळी वाट दाखविली. १९९३ साली त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना बांधली. २००० च्या घनकचरा नियमांत घरोघरच्या कचरासंकलनाची तरतूद आली, तेव्हा संघटनेने तीत रोजगार ओळखला. आधी काही भागांत काम करून दाखविले. मग ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. शुल्क घराघरांतून थेट मिळू लागले, भंगारविक्रीचा हक्कही राहिला.

अर्थात असा करार मुदतीचा असतो; मुदत सरली की ठेकेदार पुन्हा दाराशी येतो. तेव्हा उपयोगी पडते ती संघटना आणि दारोदार मिळविलेला विश्वास.

म्हणून कार्यकर्त्यांनी आरंभ गृहनिर्माण संस्थांपासून करावा, करार लेखी करावा, आणि किमान वेतन व भविष्य निर्वाह निधी धरूनच दर सांगावा. त्याखालचे काम नाकारण्याचे बळ हेच संस्थेचे खरे भांडवल होय.