ख्याल ऐकायचा कसा?



माझे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवीत. रात्री रेडिओवर कुणा बुवांचा ख्याल सुरू झाला, की ते म्हणत, "बंद कर रे, ते आपलं नव्हे." मी उठून बटण फिरवीपर्यंत मिनिट-दोन मिनिटे जात. तेवढ्यात गवई समेवर आला, की वडिलांचा हात नकळत मांडीवर पडे. अगदी नेमका. हाताला सारे कळत होते, आणि ते मात्र 'आपल्याला त्यातलं काय कळतंय?' असे म्हणत राहिले. त्यांना हे शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. मीही नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांचे असेच असेल. रागाचे नाव ओळखता येत नाही, म्हणजे ऐकायचा आपल्याला अधिकार नाही, अशी एक समजूत आहे. ती आधी बाजूला ठेवा. आंब्याची जात ठाऊक नाही म्हणून आमरस कोणी पानात टाकून उठत नाही.

आरंभी दहा राग नकोत, एकच घ्या. मी भूप सुचवीन. भजनाच्या पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जुडग्यांनी असतात ना? तीनच्या जुडग्यातली पहिली पट्टी 'सा' धरा, आणि उजवीकडे फक्त काळ्या पट्ट्याच वाजवीत जा. सा, रे, ग, प, ध, आणि पुन्हा वरचा सा. हे झाले भूपाचे स्वर. मध्यम आणि निषाद यात नाहीत. आता, नुसते स्वर म्हणजे राग नव्हे. हेच पाच स्वर घेऊन सकाळी देशकार गातात, तेव्हा भर धैवतावर असतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी भूप गातात, तेव्हा गंधारावर. पण ते पुढचे झाले. गुरुजी, शाळेत पेटी असेल तर मुलांना ही गंमत जरूर करून दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे.

मग 'सुजन कसा मन चोरी' ऐका. खाडिलकरांच्या १९१६ सालच्या 'संगीत स्वयंवर' नाटकातले हे पद भूपातलेच. चाल भास्करबुवा बखल्यांची आणि गाणारे बालगंधर्व. ते कानात बसले, की किशोरी आमोणकरांचे 'सहेला रे' लावा. हल्ली त्यासाठी रेडिओची वेळ गाठावी लागत नाही, घरातल्या पोराच्या मोबाईलवर मिळते. आठवडाभर तेच ते ऐका. कंटाळा आला तर दोन दिवस सोडा, पण लगेच दुसऱ्या रागाकडे धावू नका.

मोठा ख्याल संथ असतो. त्याचे एक आवर्तन संपायला कधी कधी मिनिटभरही लागते, आणि नवा माणूस तिथेच कंटाळून उठतो. म्हणून मी म्हणेन, आधी द्रुत चीज ऐका, मोठा ख्याल मागाहून. जाणकार मला रागावतील, रागावू द्या. द्रुत चीज बहुधा तीनतालात असते. मात्रा सोळा. बोटांवर मोजा, नाहीतर नुसता मुखडा धरा. गवई कितीही लांब फिरून आला तरी त्याच शब्दांवर परततो, आणि त्या मुखड्यात जिथे ठासून आघात पडतो, ती सम. शब्द पुरते कळले नाहीत तरी अडत नाही. ते थोडेच असतात, आणि पुष्कळदा ब्रज भाषेतले.

वेळ नाही म्हणता? मिरजेला राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली एक ठुमरी आहे. जुन्या तबकडीची एक बाजू, जेमतेम तीन मिनिटांची. ती ऐकून अकरा वर्षांचा एक मुलगा असा झपाटला, की १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ते भीमसेन जोशी. तुम्हाला घर सोडायला मी सांगत नाही! फक्त आज रात्री रेडिओवर ख्याल लागला, तर बटण फिरवू नका. आणि घरात कुणा म्हाताऱ्या माणसाचा हात मांडीवर पडलाच, तर तिथल्या तिथे त्यांना सांगा: "आबा, ही सम होती."