संध्याकाळी सातची भूक



मी पायदळातला निवृत्त अधिकारी. नोकरीत देशभर फिरलो, आता इंदूरला राहतो. ज्या गावात दिवस पोहे-जिलेबीनं सुरू होतो आणि रात्री सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची उघडतात, त्या गावातला माणूस वजनावर बोलायला उभा राहिलाय. हसा, हरकत नाही.

काय खावं, हे मी आज सांगणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे. भाजी-डाळ जास्त, तळण कमी, साखर बेताची, रोज चालणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना दिल्या आहेत. त्यात मला भर घालायची नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की हे सगळं माहीत असलेल्या माणसाचा हात रात्री साडेनऊ वाजता, पोटभर जेवण झाल्यावर, शेवेच्या डब्यात का जातो?

सैन्यात ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी होते. तिचा निकाल पाच इंग्रजी अक्षरांत लिहितात, ती जोडली की 'शेप' हा शब्द होतो. एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, ई म्हणजे डोळे. आणि सगळ्यांत पहिलं अक्षर एस, ते मनाचं. जवान पाच किलोमीटर धावू शकतो की नाही हे बघताना त्याचं मन ठीक आहे ना, हेही बघावं लागतं. घरी वजन कमी करायला बसलो की मात्र आपण काटा बघतो, कंबर मोजतो आणि एस कोरा सोडतो.

भुका दोन असतात. पोटाची भूक हळूहळू चढते. ती पिठलं-भाकरीवर भागते, वरण-भातावर भागते, पोट भरलं की थांबते. मनाची भूक एकदम येते. तिला ठरावीकच काहीतरी हवं असतं. कुरकुरीत, खारट, नाहीतर गोड. पोट भरलं तरी ती थांबत नाही, कारण ती पोटातून आलेलीच नसते. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. स्वतःला विचारा, "आत्ता साधा वरण-भात चालेल का?" चालेल असं उत्तर आलं, तर भूक पोटाची आहे, जेवून घ्या. "छे, वरण-भात नको, चिवडाच हवा," असं आलं, तर एक मिनिट थांबा. पाहुणी दुसरी आहे.

ही दुसरी भूक म्हणजे लाजायची गोष्ट नाही. आपण लहानपणी पडलो, रडलो, की आजी हातावर साखर ठेवायची. पास झालो की पेढे. पाहुणे आले की लाडू-चिवडा. कुणी गेलं तर शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात. आपल्याकडे माया ताटातूनच दिली जाते, आणि मन ते विसरत नाही. त्यात शरीराची भर पडते. ताण बरेच दिवस राहिला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि अनेकांना गोड-तेलकट खावंसं वाटतं. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. खाल्ल्यावर थोडा वेळ खरंच बरं वाटतं. म्हणून तर सवय लागते.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, तुम्ही फौजी माणसं, तुम्हाला शिस्त आहे, आम्हाला जमत नाही." शिस्तीबद्दल एक प्रयोग सांगतो. दुसरं महायुद्ध चालू होतं, युरोपात उपासमार होती. उपाशी माणसांना पुन्हा उभं कसं करायचं, हे शोधायला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं नोव्हेंबर १९४४ मध्ये काम सुरू केलं. ३६ निरोगी तरुण स्वतःहून पुढे आले. सहा महिने त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरी दिल्या. वजन साधारण पावपट घटलं. पण ते दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलू लागले. स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागले, पाककृती जमवायला लागले. चिडचिडे आणि उदास झाले. आणि बंधनं उठल्यावर काही जण इतकं खायला लागले, की पोट तुडुंब भरूनही समाधान होईना. ही सगळी निवडून घेतलेली, निश्चयाची माणसं होती.

आज मोबाइलवर फिरणारे कितीतरी डाएट १,२०० कॅलरीचे असतात. तीन दिवस ते पाळायचं, चौथ्या दिवशी एक गुलाबजाम खायचा, मग "मोडलंच आहे तर आता सोमवारपासून" म्हणत उरलेले सहा संपवायचे. आपल्याकडे जुनी म्हण आहेच, एकादशी आणि दुप्पट खाशी. हा दोष तुमच्या निश्चयाचा नाही. उपाशी ठेवलेलं पोट आणि दुखावलेलं मन, दोघांशी एकाच वेळी लढायला निघालात तर हार ठरलेली आहे. म्हणून पहिला नियम: पोटाला वेळेवर जेवू घाला. नाश्ता आणि दुपारचं जेवण चुकवू नका, त्यात डाळ, उसळ, दही किंवा अंडं असू द्या. लंगर वेळेवर चालला की अर्धी लढाई जिंकली, हे कुठलाही सुभेदार सांगेल.

आता उरलेली अर्धी. तिच्यासाठी आधी रेकी करावी लागते. शत्रू कुठून येतो हे माहीत नसताना आम्ही गोळीबार करत नाही.

माझी पत्नी २०२१ साली गेली. त्यानंतरच्या दीड वर्षात माझं वजन ७८ वरून ८९ किलोवर गेलं. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच म्हणायची. डॉक्टरांनी आहाराचा छापील कागद दिला. कागद बरोबर होता, पण माझी भूक त्यात कुठेच नव्हती. मी एक वही केली. चार रकाने: वेळ, काय खाल्लं, पोटाची भूक दहापैकी किती, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. तीन आठवडे काहीही बदललं नाही, फक्त लिहिलं.

एकवीसपैकी सतरा दिवस एकच वेळ निघाली. संध्याकाळचे सात. पोटाची भूक दहापैकी दोन किंवा तीन. आणि चौथ्या रकान्यात काही नाही. काही घडलेलंच नसायचं. तेच कारण होतं. सात ही आम्हा दोघांची वेळ होती. निवृत्तीनंतर त्या वेळी आम्ही गॅलरीत बसायचो, चहा व्हायचा, ती दिवसभराचं सांगायची. आता त्या वेळी घर शांत असायचं आणि हाताला रतलामी शेवेचा डबा लागायचा. शेवेचा आवाज होतो, मंडळी. रिकाम्या घरात तेवढाही पुरतो.

हे कळल्यावर करायचं ते अवघड नव्हतं. जेवण साडेसातवर आणलं. सात वाजता घरात थांबायचं नाही, असं ठरवलं. सोमवार ते शुक्रवार कॉलनीतल्या दोन मित्रांबरोबर चालणं. शनिवार-रविवार बंगळुरूला मुलाला फोन, आणि त्या फोनवर आम्ही तिच्याबद्दल बोलतो. आधी दोघंही टाळायचो. शेव घरातून काढली नाही. खावीशी वाटली तर पंधरा मिनिटं थांबतो, लाट बहुतेक वेळा ओसरते. नाही ओसरली तर वाटीत घेतो, टेबलाशी बसून, टीव्ही बंद करून खातो, आणि त्या वाटीबद्दल स्वतःला रागावत नाही. चौदा महिन्यांत ८९ चे ८१ झाले, साखर ५.८ वर आली. वेग फार नाही. पण परत चढलेलं नाही.

प्रत्येकाची सातची वेळ वेगळी असते. आमच्या फिरण्याच्या गटात एक वहिनी आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्याच करतात. त्यांच्या वहीत दुपारचे तीन निघाले. सासूबाई झोपल्या की त्या बिस्किटांचा पुडा घेऊन बसायच्या, कारण दिवसभरात तेवढीच अर्धी घटका त्यांची स्वतःची होती. त्यांना आहारतज्ज्ञाची नाही, बदलीच्या माणसाची गरज होती. आता आठवड्यातून तीन दुपारी त्यांचे यजमान आईपाशी बसतात आणि वहिनी झोपतात. संत्रीसुद्धा दोन तासांनी बदलतो, घरातली बाई वर्षानुवर्षं एकटीच पहाऱ्यावर का असावी?

एक गंभीर गोष्ट. थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, थांबवता येत नाही, लपून खाल्लं जातं, मागून स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललंय, असं असेल तर तो आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. वही तिथे पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येतं. थायरॉइड तपासून घ्या. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही भूक वाढते, तेव्हा चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका.

आणि घरातल्यांना एक विनंती. ताटावरून हात पुढे गेला की "पुन्हा?" असं म्हणू नका. त्या शब्दानं माणूस खायचं थांबत नाही, तुमच्यासमोर खायचं थांबवतो. त्यापेक्षा शेजारी खुर्ची ओढा आणि विचारा, "आज दिवस कसा गेला?"

उद्यापासून डाएट सुरू करू नका. उद्यापासून वही सुरू करा. एकवीस दिवस. तुमचे सात कधी वाजतात, तेवढं शोधा.