दारात उभा राहिलेला लोकप्रतिनिधी



आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी विचारले, "हे सॅबथ कोण बुवा? आम्ही तर नाव ऐकले नाही." त्यांचा यात काही दोष नाही. ॲडॉल्फ सॅबथ हे नाव आज अमेरिकेतही फारसे कोणी घेत नाही. तरीही तुमची एक संध्याकाळ या गृहस्थांसाठी मागावी असे मला वाटले. ते का, हे आपणच शेवटी ठरवावे.

सॅबथ यांचा जन्म १८६६ साली बोहेमियातील झाबोरी या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. बोहेमिया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात आहे. १८८१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा मुलगा अमेरिकेत शिकागोला येऊन पोहोचला. तिथे त्याने व्यापारी शिक्षण घेतले, मग कायद्याची परीक्षा दिली आणि वकिली सुरू केली. १८९७ पासून दहा वर्षे ते पोलीस न्यायाधीश होते. चोर, दारुडे, भाडे थकलेले बिऱ्हाडकरू, नुकती बोट उतरलेली आणि भाषा न येणारी माणसे, सारे त्यांच्यापुढे उभे राहत. शहराचा तळ त्यांनी पाहिला तो असा.

१९०६ साली शिकागोच्या चेक, ज्यू, पोलिश कामगारवस्तीने त्यांना अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून दिले. मार्च १९०७ मध्ये ते तिथे बसले, ते मृत्यूनेच उठवीपर्यंत. या ४५ वर्षांत थिओडोर रूझवेल्टपासून ट्रूमनपर्यंत आठ अध्यक्ष होऊन गेले. दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि दर वेळी सॅबथ विजयी! त्यांच्यामागे शिकागोतील डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना होती, आणि ती संघटना काही सोवळ्यातली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मी संताचे चरित्र सांगायला उभा नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परक्यांविषयी धास्ती पसरली. आपल्या हिंदुस्थानला तर १९१७ च्या कायद्यानेच दार बंद झाले होते. १९२१ साली युरोपीय देशांनाही वाटे ठरवून दिले : १९१० च्या शिरगणतीत ज्या देशाचे जितके लोक अमेरिकेत मोजले गेले, त्यांच्या शेकडा तीन इतकेच दर वर्षी यावेत. तेवढ्यानेही समाधान झाले नाही. १९२४ चे विधेयक आले. त्यात शेकडा दोन, आणि तेही १८९० च्या शिरगणतीवरून!

श्रोतेहो, हाती ताजी शिरगणती असताना चौतीस वर्षांपूर्वीची जुनी वही कोणी का काढावी? कारण उघड होते. दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक, म्हणजे इटालियन, पोल, ज्यू, चेक, बहुसंख्येने आले ते १८९० नंतर. जुनी वही काढली की ते आपोआप गळत होते. चेकोस्लोव्हाकियाचा वाटा चौदा हजारांवरून सुमारे तीन हजारांवर आला, यावरून कल्पना करा.

सॅबथ गृहाच्या इमिग्रेशन समितीत होते. सॅम्युएल डिकस्टाइन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी भिन्न मतपत्रिका जोडली. हा हिशोब नसून माणसांमाणसांतील पंक्तिभेद आहे, असा तिचा आशय होता. एक गोष्ट ध्यानात घ्या. १८९० साली सॅबथ स्वतः अमेरिकेत नऊ वर्षे राहत होते. ते त्या जुन्या वहीच्या आतले होते. कायद्याने त्यांचे केसाइतकेही नुकसान होत नव्हते. आगगाडीच्या डब्यात कसेबसे शिरलेला उतारू पुढच्या स्टेशनावर दाराला पाठ लावून "जागा नाही" म्हणून ओरडतो, हे आपण नित्य पाहतो. हा उतारू मात्र आत शिरल्यावर दार धरून उभा राहिला.

विधेयकाच्या विरोधात प्रतिनिधिगृहात ७१ मते पडली. सॅबथ हरले. पुढे हिटलरच्या छळातून निसटू पाहणारे लोक याच वाट्यांच्या रांगेत खोळंबले, आणि त्यांतल्या कितीकांचा नंबर आलाच नाही.

१९३९ साली सॅबथ नियम समितीचे अध्यक्ष झाले. कोणते विधेयक सभागृहात चर्चेला यावे हे ही समिती ठरवी. म्हणजे हेही एक दारच. पण त्यांच्याच पक्षाचे दक्षिणेकडील सभासद विरोधी रिपब्लिकनांना मिळत आणि कडी घालत. ज्येष्ठतेने खुर्ची मिळते, मते मिळत नाहीत! जून १९४९ मध्ये गरिबांच्या घरांचे विधेयक आले. भाषणाच्या मिनिटांवरून वाद होऊन जॉर्जियाच्या कॉक्स या एकोणसत्तर वर्षांच्या सभासदाने सॅबथांना ठोसा मारला. चष्मा उडाला, आणि त्र्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने उलट ठोसे दिले! हसू येते, पण ते विधेयक पुढच्याच महिन्यात कायदा झाले, हे विसरू नका.

नोव्हेंबर १९५२ मध्ये ते चोविसाव्यांदा निवडून आले आणि दोनच दिवसांनी वारले. वाट्यांचा कायदा तेव्हाही उभाच होता.

मग या माणसाने मिळवले काय? त्या ७१ जणांत इमॅन्युएल सेलर नावाचा एक नवा सभासद होता. तो पुढे चाळीस वर्षे तीच गोष्ट बोलत राहिला, आणि १९६५ साली त्याच्याच नावाच्या कायद्याने देशवार वाटे रद्द झाले. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर अमेरिकेला गेले ते या कायद्यानंतर. त्याआधी, १९४६ पासून, आपला वाटा वर्षाला शंभर माणसांचा होता. आज सॅबथांच्या शिकागोत मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. या सभागृहातही काहींची मुले तिकडे असतील.

हरलेले मत वाया जात नाही; ते दप्तरात राहते आणि कोणीतरी पुढे उघडून वाचतो. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील वा आजोबा वळकटी घेऊन कुठल्यातरी खेड्यातून या शहरात आले. उद्या नवा माणूस वळकटी घेऊन आला, तर आपण दाराच्या कोणत्या बाजूला उभे राहणार, एवढा प्रश्न मनात घेऊन घरी जा.