आमदार, अधिवेशन आणि आपला कागद

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे रेल्वे व पोस्ट खात्यातील मराठी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर बोलायचे नाही. ते आम्ही गेट मीटिंगला बोलतोच. मागच्या सभेत इथल्या एका पोस्टमन बंधूने आम्हाला विचारले होते, "साहेब, आपण केंद्राचे नोकर. आमदाराचा आपल्याला उपयोग काय?" तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेले. नंतर वाटले, माणसाने विचारले ते खरेच आहे, याचे नीट उत्तर दिले पाहिजे.

बंधूचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीमध्ये २२ वी नोंद रेल्वेची आणि ३१ वी टपाल-तारेची. आमची बदली, तुमचे बीट, आरएमएसची ड्युटी यावर आमदाराने सभागृहात कितीही आवाज केला तरी मंत्री एवढेच म्हणणार की विषय राज्याचा नाही. दिल्लीत तर आणखी अडचण. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने इथे विधानसभा आली, १९९३ साली ७० आमदार निवडून आले, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडेच राहिली. सरोजिनी नगर नावाचा मतदारसंघ होता, तोही २००८ च्या फेररचनेत गेला.

जमीन केंद्राकडे म्हणजे काय, हे इथल्या क्वार्टरमध्ये संसार केलेल्यांना सांगायला नको. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहती नव्याने बांधायचे ठरवले. जुन्या १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे. त्या सातांत सरोजिनी नगर. झाडांच्या तोडणीवरून २०१८ साली लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तोडणी थांबली. नवी घरे नकोत असे आमचे म्हणणे नाही, पावसाळ्यात गळणारी छपरे आम्हीही पाहिली आहेत. पण घर कोणाला, कधी, कुठे मिळणार हे विचारायला आमदाराच्या दारात जाऊन बसलात तर तो चहा पाजील आणि परत पाठवील. तो कागद केंद्राच्या नगरविकास खात्याकडे आणि खासदाराकडेच गेला पाहिजे.

आता उरलेले अर्धे. ते आम्हाला फार महागात पडून कळले.

आम्ही महाराष्ट्रात एका जंक्शनवर शाखा चिटणीस होतो. कॉलनी आणि गाव यांच्या मध्ये रेल्वेचे फाटक. गाड्या वाढल्या तसे फाटक उघडे कमी आणि बंद जास्त. एका रात्री आमच्या एका खलाशाची बायको रिक्षातून दवाखान्यात निघाली होती. फाटक पडलेले, एकामागून एक दोन मालगाड्या. ती रिक्षातच बाळंत झाली. मूल हाती लागले नाही.

त्या आधी आणि नंतर मिळून आम्ही उड्डाणपुलासाठी रेल्वेला सात निवेदने दिली होती. रेल्वेवाल्यांनी रेल्वेकडे मागायचे, दुसरे सुचलेच नाही. सातव्याला उत्तर आले. रुळांवरचा भाग बांधायला रेल्वे तयार आहे. फाटकाचे टीव्हीयू, म्हणजे रोजच्या गाड्या गुणिले वाहने, एक लाखाच्या वर आहेत. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा आहे. पण दोन्ही बाजूंच्या पोचरस्त्यांसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद नाही. म्हणजे कागद सात वेळा चुकीच्या पत्त्यावर गेला होता. पोस्टातल्या बंधूंनो, तुम्ही तरी पत्ता चुकलेले टपाल परत पाठवता. इथे परतही आले नव्हते!

मग डिसेंबरात नागपूरला अधिवेशनावर मोर्चा नेला. बॅरिकेडपाशी घोषणा झाल्या, निवेदन दिले, फोटो निघाला. संध्याकाळी आमदार भेटले. म्हणाले, "अहो, आता आलात? प्रश्न द्यायची मुदत केव्हाच संपली." आम्हाला राग आला, पण चूक आमचीच होती. अधिवेशन सुरू होते तेव्हा आमदाराची झोळी आधीच भरलेली असते. ती भरायच्या आत आपण पोचायचे असते.

पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या दोन महिने आधी आम्ही गेलो. बरोबर रेल्वेचे पत्र क्रमांक-तारखेसह, वाहनांच्या मोजणीचे आकडे, ग्रामपंचायतीचा ठराव. आमदारांनी तारांकित प्रश्न लावला. या प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, हे त्याचे मोल. छापील उत्तर आले, "अंशतः खरे आहे." पुढच्या भागाला, "प्रश्न उद्भवत नाही." आम्ही गॅलरीत बसून कपाळाला हात लावला. पण आमदार उपप्रश्नाला उठले. रेल्वेचे पत्र हातात धरून म्हणाले, रेल्वेने पैसे ठेवले, तुम्ही कधी ठेवणार? मंत्र्यांनी पुढच्या वर्षी तरतूद करू असे सांगितले. सभागृहात दिलेले असे वचन आश्वासन समितीच्या नोंदीत जाते. आम्ही ती तारीख शाखेच्या फळ्यावर लिहून ठेवली आणि दर अधिवेशनाआधी आमदारांना आठवण दिली. पूल व्हायला चार वर्षे लागली. त्या खलाशाची तोवर बदली झाली होती.

आमदार कसा असावा, म्हणाल तर आमच्या डोळ्यांपुढे सांगोल्याचे गणपतराव देशमुख येतात. १९६२ पासून २०१४ पर्यंत अकरा वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ ला पडलेही. शेतकरी कामगार पक्षाचे. आमच्या संघटनेचा त्या पक्षाशी संबंध नाही, पण चांगले ते चांगले म्हणावे. एसटीने प्रवास करणारा आमदार. तालुका दुष्काळी, म्हणून पाण्याचा विषय सरकारे बदलली तरी सोडला नाही. २०२१ साली ते गेले. असा माणूस प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही हे खरे. पण साधा आमदारसुद्धा नीट कागद हाती असला की बरा बोलतो, हा आमचा अनुभव.

दिल्लीच्या विधानसभेत नियम २८० आहे. त्याखाली आमदार आपल्या भागातल्या अडचणी विशेष उल्लेख म्हणून मांडतात. शिवाय १९९४ च्या कायद्याने नवी दिल्ली पालिका परिषदेवर या भागाच्या आमदाराला जागा आहे, म्हणजे दिवे, गटारे, बागा यांचे तिथेही बोलता येते. ही विधानसभा जुन्या सचिवालयात भरते. त्याच इमारतीत १९२१ साली आपले ना. म. जोशी यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण द्या असा ठराव मांडला होता. कायदा १९२६ साली झाला. पाच वर्षे! तेव्हा पुलाच्या चार वर्षांचे आम्हाला पुढे फारसे वाटेनासे झाले.

आता कामाचे. सरोजिनी नगर स्टेशन रिंग रेल्वेवर आहे, पण रात्री ड्युटी सुटलेल्याला तिथली लोकल कामाची नाही. स्टेशनवरून आणि आरएमएसमधून उशिरा सुटणारे, त्यातही आपल्या भगिनी, बस स्टॉपवर ताटकळतात. लोकल रेल्वेची, पण डीटीसी बस दिल्ली सरकारची. तिथे विषय राज्याचा नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पहिला कागद हाच करायचा. येत्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने ड्युटी सुटल्याची वेळ, स्टॉपचे नाव, बसचा नंबर आणि किती वेळ थांबलो ते रोज वहीत लिहावे. "फार त्रास होतो" असे लिहू नका, मिनिटे लिहा. हिंदीत नीट मसुदा करून द्यायचे पोस्टातल्या दोघा बंधूंनी कबूल केले आहे. अधिवेशनाची तारीख जाहीर व्हायची वाट पाहायची नाही. वह्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जा, आणि घेताना नाव व क्वार्टर नंबर यादीत लिहा.